स्प्रिंगवरचा लेप आणि वर्षभराची गोळी

दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. भांडी, पीठ, कोयते, पोरं, सगळं एका गाडीत चढतं. त्या गाडीत हृदयात स्प्रिंग टाकलेलं कुणी असेल, तर त्याच्या पिशवीत किती दिवसांच्या गोळ्या आहेत? मुकादमाने उचल किती दिली, हे विचारण्याइतकंच हेही विचारायला हवं.

आपल्याकडे स्टेंटला स्प्रिंगच म्हणतात. दिसायला ती धातूची बारीक जाळी, पण तिचं निम्मं काम तिच्यावरचा लेप करतो. 1986 साली फ्रान्समध्ये माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसला तेव्हा जाळी कोरी होती. धातू रुतला की धमनीची भिंत जखम भरू लागते आणि कधीकधी भरतच राहते. स्नायूपेशी वाढून वाट पुन्हा अरुंद होते. कोऱ्या जाळीच्या काळात शंभरातल्या वीस-तीस जणांच्या वाट्याला हे यायचं.

ही वाढ रोखणाऱ्या लेपाचं औषध आलं प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटाच्या मातीतून. तिथल्या जिवाणूतून सिरोलिमस वेगळं काढण्यात पुढे होते सुरेंद्रनाथ सेहगल, बनारस हिंदू विद्यापीठात शिकून कॅनडात गेलेले संशोधक. आधी ते बुरशीवरचं औषध वाटलं, मग मूत्रपिंडरोपणात उपयोगी पडलं, आणि 2003 मध्ये त्याचा लेप दिलेल्या स्टेंटला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज सुरतेत बनणाऱ्या एका स्टेंटची जाळी 60 मायक्रॉनची असते आणि औषध धरून ठेवणारा थर कालांतराने विरघळून जातो. युरोपातल्या सात देशांतल्या 1435 रुग्णांवर तो नामवंत परदेशी स्टेंटच्या बरोबरीने उतरला, 2019 साली. मला याचा मनापासून अभिमान आहे.

मात्र जो लेप स्नायूपेशींना आवरतो, तोच धमनीचं नाजूक अस्तरही जाळीवर लवकर चढू देत नाही. अस्तर येईपर्यंत धातू रक्ताला उघडा असतो, आणि उघड्या धातूवर गुठळी धरते. अशी गुठळी जीव घेऊ शकते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या त्यासाठीच असतात. सहा महिने, झटका येऊन गेला असेल तर साधारण वर्षभर; त्यानंतरही एक गोळी बहुतेकांना कायमची. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना विचारायचं.

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली. त्याआधी तो लाखाच्या पुढे जायचा. शिर्डीच्या साईबाबा रुग्णालयात, महात्मा फुले योजनेत आता गरिबाचीही अँजिओप्लास्टी होते. एवढा मोठा पल्ला आपण गाठला, आणि माणूस फडात चार महिने गोळीवाचून राहतो, हे मला सहन होत नाही.

माझी मागणी साधी आहे. घरी सोडताना कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा: ही गोळी अमुक तारखेपर्यंत बंद करायची नाही. तोडीला जाणाऱ्याला हंगामभराच्या गोळ्या एकदम द्या. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात क्लोपिडोग्रेल ठेवा आणि कोप्यांवर जाणाऱ्या आशाताईंकडे अशा रुग्णांची यादी द्या. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं; यादी गाड्या भरण्याआधी, गावातच तयार झाली पाहिजे.