पाऊल भानावर ठेवा

तारापूर एमआयडीसीतून पाळी संपवून बोईसर स्टेशनकडे निघालेल्या भगिनींची पावले पहा. दिवसभर उभे राहून ती फरफटत असतात. आता वस्तीवस्तीत झुंबाचे वर्ग निघालेत. चांगलेच आहे. पण आल्याआल्या उड्या सुरू! आमच्याच घरात एकीचा घोटा मुरगळला, तेव्हा आम्ही जागे झालो.

आपल्या पालघरातलाच वारल्यांचा तारपा नाच पहा. हातात हात गुंफून गोल फिरायचे. तारप्याचा सूर बदलला की पावले बदलायची. एकाचे पाऊल चुकले तर साऱ्या रांगेला कळते. म्हणून प्रत्येकाचे लक्ष पावलावर.

तेच आपण घ्यावे. पहिली पाच मिनिटे नुसते चाला. आधी टाच, मग तळवा, शेवटी बोटे. गुडघा किंचित सैल ठेवा. वळताना पाऊल रोवून अंग फिरवू नका, गुडघ्याला पीळ बसतो. पाऊल उचलून वळा. उडीनंतर मात्र आधी चवडा टेकवा, मग टाच. दुखले तर थांबा.

चालताना चालण्याचे भान ठेवावे, असे भगवान बुद्धांनी सतिपट्ठान सुत्तात भिक्खूंना सांगितले. पाळीवरून दमून आलेल्या पायांनाही ते तितकेच लागू आहे.