चीनचे परवाने आणि आपली वाळू

२०२५च्या गणेशोत्सवात जेवणानंतर जी चर्चा रंगली ती पुष्कळांना आठवत असेल. मोदी नुकतेच तियानजिनला शी जिनपिंग यांना भेटले होते आणि आपल्यापैकी एकाने ठासून सांगितले की केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर हवी तेवढी वाळू पडली आहे, मनात आणले तर भारत दोन वर्षांत 'रेअर अर्थ'मध्ये चीनला मागे टाकील! टाळ्या पडल्या. मी व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे मला काही टाळ्या वाजवता आल्या नाहीत, आणि मसालेभात वाढायचे काम माझ्याकडे असल्यामुळे बोलताही आले नाही. म्हणून हा लेख.

'रेअर अर्थ' म्हणजे दुर्मिळ मृदा हे नावच फसवे आहे. ही सतरा मूलद्रव्ये आहेत आणि त्यांतले सिरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतके सापडते. दुर्मिळ काही असेल तर ती त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याची हातोटी. ही सगळी भावंडे खनिजात एकत्र नांदतात, रासायनिक वागणूक जवळजवळ एक, आकारात केसभर फरक. खनिज आम्लात विरघळवायचे, त्यात रॉकेलसारख्या द्रवात मिसळलेले एक सेंद्रिय रसायन घालून घुसळायचे, मग दोन्ही थर वेगळे होऊ द्यायचे. एक मूलद्रव्य वरच्या थरात किंचित जास्त जाते, दुसरे किंचित कमी. किंचितच! म्हणून हेच काम ओळीने मांडलेल्या शेकडो टाक्यांतून पुन्हा पुन्हा करायचे. जवळजवळ एकाच वजनाचे दोन दाणे सुपात पाखडून वेगळे करण्यासारखा हा प्रकार आहे. मागे उरतो आम्लाचा गाळ, आणि आपल्या वाळूच्या बाबतीत किरणोत्सारी थोरियमही.

या टाक्यांचे गणित चीनमध्ये बसवले ते शू ग्वांगशियान या रसायनशास्त्रज्ञाने. १९५१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट घेऊन हा माणूस पत्नीसह मायदेशी परतला. १९७०च्या दशकात त्याने ही पद्धत विकसित केली आणि २००८ सालचा चीनचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार त्याला मिळाला. (आपण इथे राहिलेली मंडळी. हे वाचताना थोडे चुळबुळायला होते, नाही?) त्याच काळात अमेरिका काय करत होती? लोहचुंबक बनवणारी मॅग्नेक्वेंच ही कंपनी जनरल मोटर्सने १९९५ साली ज्या गटाला विकली त्यात चिनी कंपन्या होत्या. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण २००२ साली बंद पडली. चीनमधला माल स्वस्त होता आणि घाण बाओटोच्या तळ्यात साठत होती. सगळे खूश होते. 'चीनने कपटाने बळकावले' असे आपण म्हणतो तेव्हा हा इतिहास विसरतो.

आता परराष्ट्र धोरणाकडे येतो. २०१० साली सेन्काकू बेटांजवळ जपानने एका चिनी मच्छीमार बोटीच्या कप्तानाला अटक केली आणि जपानला जाणारा हा माल अडकला. चीनने बंदी घातल्याचे कधीच मान्य केले नाही. निर्यातीच्या कोट्यांविरुद्ध अमेरिका, युरोप आणि जपान जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २०१४ साली जिंकलेही. त्यानंतर चीन अधिक शहाणा झाला असे मला वाटते. ४ एप्रिल २०२५ रोजी, ट्रम्प यांच्या आयात शुल्काला उत्तर म्हणून, सात मूलद्रव्यांवर व त्यांच्या चुंबकांवर जे आले ती बंदी नव्हती. तो परवाना होता. आपल्या पिढीला परवान्याची ताकद समजावून सांगायला नको! अर्ज करा, माल कशासाठी हवा ते लिहा, थांबा. याला द्यायचा, त्याला नाही. या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात पाहू. शिवाय कोण कुठे काय बनवतो याची माहिती आपसूक बीजिंगला जमा होते. गोळी न झाडता मे महिन्यात फोर्डचा शिकागोचा कारखाना काही दिवस बंद राहिला आणि जुलैत पुण्याच्या बजाजला चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले.

अमेरिकेने चीनवर १४५ टक्के शुल्क लावले होते. मे महिन्यात जिनिव्हाला ते ३० टक्क्यांवर आले. ३० ऑक्टोबरला बुसान येथे ट्रम्प-शी भेट झाली. चीनने ऑक्टोबरचे नवे, अधिक कडक नियम एक वर्ष पुढे ढकलले, एप्रिलचे मात्र त्या स्थगितीत नव्हते. माझ्या मते, जगातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेने माघार घेतल्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण अलीकडे नाही. आणि भारत? ऑगस्टमध्ये वांग यी दिल्लीला आले तेव्हा खते, दुर्मिळ मृदा आणि बोगदे खणणारी यंत्रे यांबद्दल त्यांनी आश्वासन दिल्याचे भारतीय वृत्तपत्रांत आले. गलवानमध्ये २०२० साली आपले वीस जवान गेले. पाच वर्षांनी आपण चुंबकांसाठी त्यांच्याच दारात उभे.

हे हत्यार वापरले की बोथट होत जाते हेही खरे. २०१० नंतर जपानने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि चीनवरचे अवलंबन सुमारे ९० टक्क्यांवरून ६०च्या आसपास आणले. पण त्याला दशकाहून अधिक काळ लागला, आणि तो जपान होता. अमेरिकेत मॉलिकॉर्पने माउंटन पास पुन्हा सुरू केली, तर भाव कोसळून २०१५ साली कंपनीचे दिवाळे निघाले. म्हणूनच २०२५ साली अमेरिकी सरकार त्या खाणीच्या नव्या कंपनीत स्वतः भागधारक झाले व किमान भावाची हमीही दिली. मुक्त बाजारपेठेचे धडे आपल्याला देणारा हा देश!

भारताची सरकारी इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी १९५० सालची, म्हणजे शू न्यूयॉर्कहून परतण्याआधीची. वाळू तेव्हाही होती. कमी पडली ती चिकाटी, गिऱ्हाईक, आणि टाक्यांपाशी वर्षानुवर्षे उभी राहणारी माणसे. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांसाठी. पैसा ठीक आहे. पण गाळ कुठे टाकणार, हे अलुवा किंवा छत्रपूरच्या शेजाऱ्यांना कोणी विचारले का? आणि माणसे? आपल्या मंडळातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलांपैकी केमिकल इंजिनियरिंग घेतलेली मला दोनच माहीत आहेत, बाकी सारी कॉम्प्युटरवर. ज्या पालकांना याबद्दल बोलायचे असेल त्यांनी जरूर फोन करावा, माझा नंबर मंडळाच्या यादीत आहे. शनिवारी सकाळी मात्र मराठी शाळा असते.