रिव्हॉल्व्हर घेताय? ठेवणार कुठं?

वस्तीवरच्या दोन घरफोड्यांची बातमी मी केली आणि तेव्हापासून रोज कुणी ना कुणी अडवून विचारतंय, "पत्रकार, परवाना काढायचा म्हणतो. रिव्हॉल्व्हर बरं का पिस्तूल?"

भीती खोटी नाही. रानातल्या एकट्या घरात म्हातारी माणसं, लेकरं घेऊन झोपणाऱ्याला शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही. पण प्रश्न चुकतोय.

तुम्हाआम्हाला मिळतं ते .32 बोरचं. 9 एमएम सामान्य माणसासाठी निषिद्ध. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते, म्हणून नवख्याला रिव्हॉल्व्हर बरं असं सांगतात. झालं, निवड संपली. आता सांगा, ठेवणार कुठं?

नियमानं कुलपात. पण रात्री दोनला दार फुटल्यावर चावी कोण शोधणार? म्हणजे भरलेलं, उशीखाली. आणि आजीनं दडवलेला लाडवाचा डबा ज्या पोराला बरोबर सापडतो, त्याला उशीखालचं सापडणार नाही?

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी घुसली. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून. 22 एप्रिल 2006 ला प्रमोद महाजनांवर त्यांच्या घरात गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावानं, परवाना असलेल्या पिस्तुलातून. दोन्हीकडे चोर कुठं होता? बांधावरून, वाटणीवरून भाऊ एकमेकांवर कुऱ्हाड उगारतात त्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय. कुऱ्हाड निदान हुकते तरी.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याचा जीव जाण्यापर्यंत तो हक्क जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर कोर्टाच्या पायऱ्या तुम्हीच झिजवणार. शिवाय आचारसंहिता लागली की कित्येकांचं हत्यार ठाण्यात जमा. चोर काय मतदान होईपर्यंत थांबतो?

मीही परवान्याचा अर्ज भरून ठेवला होता. बायकोनं वाचला आणि एवढंच म्हणाली, "दादा रात्री किती वेळा उठतात, मोजलंय?" दादा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. अंधारात भिंत चाचपत, दिवा न लावता मोरीत जातात, आम्हाला जाग येऊ नये म्हणून. अर्ज तसाच कपाटात आहे.

राग मला परवाना मागणाऱ्यांचा नाही. परवा सभेत "प्रत्येक वस्तीला परवाना मिळवून देतो" म्हणून टाळ्या घेणाऱ्या पुढाऱ्यांचा आहे. साहेब, लाखाच्या घरातलं हत्यार घ्यायची ऐपत किती वस्त्यांची आहे? आणि रात्रीची गस्त का बंद पडलीय, यावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत. ग्राम सुरक्षा दल कागदावरच का आहे, तेही नाही. परवाना वाटला की जबाबदारी आपसूक आमच्या उशीखाली येते, हे त्यांना चांगलं कळतं.

सोमवारी अकरा वाजता गस्तीसाठी निवेदन द्यायला ठाण्यात जातोय. परवान्याची चौकशी करायची असेल त्यांनीही या. पण आधी गस्तीची वही बघायला मागू.