मुलींच्या पदवीचे मोल

ठाण्यात बाळकुम येथे मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र उभे राहिले, ही ह्या नगराच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे. विद्यापीठ घराजवळ आले, की ज्या मुलीला दूर धाडण्यास घरचे कचरतात, तिचीही वाट मोकळी होते. त्यातच राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील, आठ लक्ष रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शुल्क माफ केले. ह्या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

१८४८ साली सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. १९१६ साली अण्णासाहेब कर्वे ह्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. त्या कष्टांचे फळ आज दिसते आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण मुलींत २८.५ टक्के व मुलांत २८.३ टक्के आढळले. मुली प्रवेशद्वाराशी मागे नाहीत, एवढे निश्चित.

परंतु दाराबाहेर पडल्यावर काय? २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार शहरांतील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी शंभरांत अवघ्या अठ्ठावीस अर्थार्जन करीत होत्या वा काम शोधत होत्या. पुरुष मात्र पंचाहत्तरांहून अधिक. ह्याचे एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. २०२४ च्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटांचा वेळ जातो, तर तसे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा, असे दिसून आले. शासनाला शुल्क माफ करता येते. हा भार त्याला कसा माफ करता येणार?

शासनाचे काम संपले, असा ह्याचा अर्थ नव्हे. कष्टकऱ्याच्या मुलीला वसतिगृह, प्रवासखर्च आणि पुस्तके हवीत. एरवी सवलतीचा लाभ थोड्याबहुत सुस्थितीतील घरांनाच होईल आणि जुनी विषमता नव्या रूपाने टिकेल.

पण आमचा खरा प्रश्न सुशिक्षित वाचकांना आहे. मुलीची पदवी आपण विवाहाच्या परिचयपत्रात अभिमानाने लिहितो. सून नोकरी करणारी हवी, असेही म्हणतो. मग ती संध्याकाळी गर्दीच्या गाडीतून घरी परतते, तेव्हा कुकर कोणी लावलेला असतो? मुलींना शिकविण्याचे श्रेय घेणाऱ्या घरांनी ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम आपल्या मुलांना शिकवावे.