रोबोट डुलला, तेव्हा कुठे विषय कळला!

रात्रीचे दीड वाजलेत. माझी रूममेट फरशीवर काळी टेप चिकटवून बसलीय आणि त्या टेपवरून चालणारा तिचा छोटा रोबोट नुसता झोकांड्या खातोय. ती कोडमधला एक आकडा वाढवते, तर झोकांड्या आणखी वाढतात. मग ती दुसरा आकडा वाढवते आणि गडी शहाण्यासारखा सरळ चालायला लागतो. ती माझ्याकडे बघून म्हणते, "अगं, हे तर आम्हाला थर्ड इयरलाच होतं!"

होतं ना! 'कंट्रोल सिस्टिम्स'मध्ये तिला चांगले मार्क होते. रूट लोकस पाठ, बोडे प्लॉट सेमी-लॉग पेपरवर सुबक काढलेला. पहिला आकडा म्हणजे 'प्रपोर्शनल गेन', दुसरा 'डेरिव्हेटिव्ह'. दोन्हींच्या व्याख्या तिने पेपरात लिहिल्या होत्या. पहिला किती जोरात वळायचं ते ठरवतो, दुसरा त्या जोराला वेळेत आवर घालतो, हे मात्र तिला त्या रात्री दिसलं.

मी मास कॉमवाली, गणित केव्हाच सोडलेली. मला तिने हे सगळं गच्चीवरच्या टाकीवरून समजावलं. आपल्या शहरात नळाला दिवसाआड पाणी आलं तरी नशीब, त्यामुळे टाकी काय चीज आहे हे कुणाला सांगायला नको. पाणी उतरलं की फ्लोट उतरतो आणि मोटार सुरू होते, टाकी भरली की बंद. हाच फीडबॅक. बाथरूममध्ये गरम पाणी यायला उशीर लागतो म्हणून आपण नळ आणखी फिरवतो, मग चटका बसतो, मग उलटा जास्तच फिरवतो. उशिरा मिळालेला फीडबॅक सिस्टिमला कसा हेलकावे खायला लावतो, ते इथे कळतं. मला दहा मिनिटांत समजलं. म्हणजे विषय अवघड नाही, शिकवण्याचा क्रम उलटा आहे.

शहरातल्या इंजिनिअरिंगच्या आणखी काही मित्रमैत्रिणींना विचारलं. रोबोटिक्सच्या पेपरला डी-एच टेबल सगळ्यांनी भरलंय, पण खरा रोबोटिक आर्म हलवलेले अगदी थोडे. "लॅबमधला आर्म कपाटात असतो. बिघडला तर भरून कोण देणार?" असं एक जण म्हणाला. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, पुढे शेंद्र्यातही गाड्या बनू लागल्या. इतकी इंडस्ट्री दाराशी असून आपली इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे अर्धा दिवस, एक ग्रुप फोटो आणि सिनिअरचा कॉपी केलेला रिपोर्ट!

गणित नको, असं मी म्हणत नाहीये. गणिताशिवाय रोबोट म्हणजे खेळणं, हे सरांचं म्हणणं बरोबरच आहे. रूममेटने तीन रात्री अंदाजाने आकडे बदलले, शेवटी थर्ड इयरची वही उघडली. पण तेव्हा ती प्रश्न घेऊन वहीकडे गेली होती, पेपर घेऊन नाही. आधी मोटार टेबलावर ठेवा, समीकरण मग फळ्यावर लिहा. ओरलला व्याख्या विचारण्यापेक्षा डुलणारा रोबोट समोर ठेवून "हा थांबवून दाखव" म्हणा. सिलॅबस न बदलताही हे जमेल.

आणि सगळं कॉलेजवर ढकलून आपणही मोकळे होऊ नये. आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' स्पर्धेत निवडलेल्या टीम्सना रोबोटचं किट मिळतं. एनपीटीईएलची लेक्चर्स फुकट आहेत. रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषय चक्क गोविंदाचा होता! सात-आठ जणांनी पैसे काढले तर लाइन फॉलोअर कुणालाही परवडतो.

काल घरमालक काकूंनी फरशीवरची टेप काढायला सांगितली. ही म्हणाली, "काकू, सबमिशनपर्यंत राहू द्या ना."

सबमिशन होऊन पंधरा दिवस झालेत.