आवाज कोणाचाही, हुकूम मात्र तुमच्या घरात!

एप्रिल २०१७. अमेरिकेत टीव्हीवर ‘बर्गर किंग’ची १५ सेकंदांची जाहिरात लागली. शेवटी त्यातल्या कर्मचाऱ्याने ‘ओके गुगल’ म्हणत व्हॉपर बर्गर म्हणजे काय, असे विचारले आणि अनेक घरांतले गुगल होम स्पीकर विकिपीडियावरची माहिती वाचू लागले. घरातल्या कोणीही काही विचारले नव्हते! गुगलने काही तासांतच त्या जाहिरातीला उत्तर देणे थांबवले. किस्सा हसण्यावारी गेला, पण मूळ दुखणे तेच आहे. व्हॉइस असिस्टंट आवाज ऐकतो. तो कोणाचा, कुठून आला, याची खात्री दर वेळी करत नाही. तेव्हा प्रश्न बर्गरचा होता. आज त्याच आवाजावर खरेदी होते, कॅमेरे चालतात, दाराचे कुलूपही उघडते.

ऐकू न येणारा आदेश

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. चीनमधील चेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७मध्ये त्यापलीकडच्या ध्वनिलहरींवर आदेश चढवून पाठवला. माणसाला तो ऐकू येत नाही. मात्र मायक्रोफोनच्या सर्किटमध्ये शिरताच मूळ आदेश सुटा होतो आणि फोन कामाला लागतो. ‘डॉल्फिन अटॅक’ या नावाने हा प्रयोग गाजला. त्याचा पल्ला जेमतेम पावणेदोन मीटर होता, एवढाच काय तो दिलासा.

२०१९मध्ये तोही उरला नाही. मिशिगन विद्यापीठ आणि टोकियोतील संशोधकांनी लेझरचा प्रकाश आवाजाप्रमाणे कमीजास्त करून थेट मायक्रोफोनवर टाकला. त्यातला नाजूक पडदा प्रकाशालाच आवाज समजला. हा ‘आदेश’ ११० मीटरवरून आणि बंद खिडकीच्या काचेतूनही पोहोचला.

रेकॉर्डिंगचे काय?

दुसरा धोका बाहेरच्या चोराचा नाही. असिस्टंट चुकून जागा झाला, तर घरातले खासगी बोलणे कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज बेकायदा साठवल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने २०२३मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. मार्च २०२५मध्ये याच कंपनीने काही इको स्पीकरवरील ‘रेकॉर्डिंग पाठवू नका’ हा पर्यायच काढून टाकला.

तुम्ही काय करू शकता?

• स्पीकर खिडकीसमोर ठेवू नका. गरज नसेल तेव्हा माइकचे बटण बंद ठेवा.
• आवाजावरून होणारी खरेदी बंद करा किंवा तिला पिन लावा. दाराचे कुलूप आवाजावर ठेवूच नका.
• फोन लॉक असताना असिस्टंट चालू राहणार नाही, अशी सेटिंग करा.
• ‘व्हॉइस मॅच’ सुरू ठेवा, पण त्याला कुलूप समजू नका. मिळताजुळता आवाज किंवा रेकॉर्डिंगही त्याला फसवू शकते.
• ॲपमधली व्हॉइस हिस्ट्री अधूनमधून तपासा आणि पुसा. तुम्ही न दिलेला आदेश दिसला, तर लगेच पासवर्ड बदला.

जबाबदारी कोणाची?

लेझर घेऊन कोणी उद्या तुमच्या खिडकीसमोर उभा राहील, अशी शक्यता फारच कमी. पण आदेश खरा की खोटा हे ओळखण्याचे काम ग्राहकाच्या गळ्यात मारणे योग्य नाही. पैसे आणि दार यांच्याशी संबंधित प्रत्येक आदेशाला दुसरी खातरजमा हवी आणि ती डब्यातून बाहेर काढताच सुरू असायला हवी, सेटिंगच्या पाचव्या पानावर दडलेली नको. आपल्याकडच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. तो बजावणेही ‘ॲलेक्सा, गाणे लाव’ म्हणण्याइतकेच सोपे असले पाहिजे. घरात कोणाला ऐकू द्यायचे, हे घरातल्यांनीच ठरवायचे असते.