दुपारच्या विसाव्याचा हक्क

उन्हाळ्याच्या भर दुपारी जत तालुक्यातील माळावर पाखरूही दिसत नाही; मजूर मात्र दिसतात. कोणी रस्त्यावर खडी पसरत असतो, कोणी विहिरीचा गाळ काढत असतो, कोणी वीटभट्टीवर राबत असतो. उन्हाळा हा निसर्गक्रम आहे, त्याला कोण काय करणार, असे म्हणून आपण शहरातील सुशिक्षित मंडळी मोकळे होतो. आमच्या मते या उद्गारात सत्यापेक्षा सोयच अधिक आहे. ऊन निसर्गाचे खरे. पण त्या उन्हात कोणी किती वेळ राबावे, हे माणसेच ठरवितात.

अंगमेहनत करणाऱ्याला उष्णता बाहेरून लागते, तशी ती त्याच्या शरीरातही निर्माण होते. घामावाटे तिचा निचरा होईनासा झाला की उष्माघात ओढवतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालाने अतिउष्णतेमुळे जगात दरवर्षी सुमारे १९ हजार कामगार मृत्युमुखी पडतात, असा अंदाज दिला आहे. पाणी, सावली आणि विश्रांती हे यावरचे साधे उपाय होत.

ते कायदेकर्त्यांना ठाऊक नव्हते, असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या कारखान्यांत उन्हाळ्यात थंड पाणी देण्याचे बंधन घातले. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पाणी, सावली व प्रथमोपचाराची पेटी ठेवण्यास सांगितले. मग अडते कोठे? आमच्या मते, मजुरीच्या हिशेबात. खोदाईची मजुरी मातीच्या मापावर, ऊसतोडणीची टनावर, विटांची हजारावर. अशा मजुराला दोन तासांचा विसावा म्हणजे तेवढी भाकरी कमी. सावलीचा मांडव रिकामा राहतो, तो त्याच्या अज्ञानामुळे नव्हे.

जतला लागून असलेल्या विजापूर जिल्ह्यात कर्नाटक सरकारने एप्रिल २०२५ मध्ये कडक उन्हामुळे आपल्या कचेऱ्यांची वेळ सकाळी ८ ते दुपारी दीड अशी केली. निर्णय योग्यच होता. परंतु पगारदाराला जे ऊन सोसवत नाही, ते रोजंदारीवाल्याला सोसवते, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

ही मागणी नवीनही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवार १८९० मध्ये मिळाला. उघड्या माळावरील मजुराची दुपार अद्याप मिळावयाची आहे.

रोजगार हमीचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली याच सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे झाला, याचा आम्हांस अभिमान आहे. त्याच जिल्ह्याने आता पुढचे पाऊल टाकावे. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावरील काम बंद असावे, ते सकाळ-संध्याकाळ व्हावे, आणि त्या काळापुरते कामाचे माप कमी करून मजुरी पूर्ण द्यावी. मजूर संघटनांनी मजुरीच्या दराइतकाच आग्रह यासाठी धरावा.

आणि सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे वाचकांना तरी कारण नाही. ज्यांच्या घरांची बांधकामे आज चालू आहेत, त्यांनी उद्याच्या दुपारपासून हा नियम आपल्या अंगणात लागू करावा. त्या दिवसाची मजुरी मात्र कापू नये.